खंडेनवमी ते लक्ष्मीपूजन

खंडेनवमीला आमच्या कोल्हापुरात यंत्रांना सुट्टी असते. शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या गल्ल्यांतून एरवी शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे त्या दिवशी लेथ आणि ड्रिल मशिने हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून गप्प उभी असतात. घरोघरीही तोच थाट. आमच्या सौभाग्यवतींनी यंदा विळी, शिलाईचे मशीन आणि माझे जुने फाउंटन पेन पाटावर मांडले. नातीने हळूच आपला लॅपटॉप शेजारी ठेवला आणि त्यालाही एक फूल मिळाले. पुढे तीन आठवड्यांनी लक्ष्मीपूजन येते. त्या दिवशी पाटावर हत्यारे नसतात, हिशेबाच्या वह्या असतात. आधी हत्यार, मग हिशेब. हा क्रम ज्याने कोणी लावला त्याला संसार कळत होता, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो आहे. यंदा मात्र त्या क्रमानेच मला अडचणीत आणले.

झाले असे की, ऐन नवरात्रात नात कॉलेजातून आली ती चेहरा पाडून. वादविवाद स्पर्धेचा विषय होता : 'नवे शोध लावण्याची प्रेरणा समाजवादात अधिक की भांडवलशाहीत?' चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि हिच्या वाट्याला समाजवाद आला होता.

"आजोबा, समोरचे एकच प्रश्न विचारणार. ज्याला नफाच मिळायचा नाही, तो डोकं कशाला चालवील? काय सांगू मी?"

वाचकहो, मी जन्मभर दुसऱ्यांचे जमाखर्च लिहिलेला माणूस. नफा या शब्दाशी माझा घरोबा जुना. तरीही मी तिला म्हटले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर कसबा बावड्याला चल."

आम्ही राजाराम बंधाऱ्यावर गेलो. पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी किती फुटांवर आले हे सारे कोल्हापूर इथूनच मोजते. 39 फूट झाले की इशारा, 43 फूट झाले की धोका. पण पूर ओसरला की या बंधाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. वास्तविक पाहावे असे त्यात पुष्कळ आहे. नदीच्या पात्रात दगडी खांब एका ओळीत उभे केले आहेत आणि खांबांना खाचा आहेत. पावसाळा संपला की त्या खाचांत फळ्या बसवायच्या, ज्यांना आपल्याकडे बरगे म्हणतात. नदी अडते आणि उन्हाळ्यासाठी पाणी तिच्याच पात्रात साठून राहते. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे काढून घ्यायचे, म्हणजे पूर आपल्या वाटेने जातो आणि बरोबर गाळही घेऊन जातो. त्याआधी शेतकरी दरवर्षी मातीचा बांध घालीत आणि दरवर्षी नदी तो मोडून नेत असे. नदीशी कुस्ती न खेळता तिला चार महिने वाट द्यायची आणि आठ महिने तिच्याकडून काम घ्यायचे, एवढीच कल्पना. पण ती सुचायला माणूस नदीकाठी पुष्कळ बसलेला हवा.

संस्थानच्या काळात हे बंधारे कोल्हापुरात रुजले आणि पुढे साऱ्या महाराष्ट्रात पसरले. सरकारी कागदांत आजही त्यांना 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. त्या नावात माणसाचे नाव नाही, गावाचे आहे.

"म्हणजे नफा नव्हता," नात वहीत लिहू लागली.

"नफा होता. पण तो ज्याने डोके चालवले त्याच्या खिशात गेला नाही, खालच्या गावांतल्या उसात गेला."

उसावरून आठवले. आमच्या जिल्ह्यात '265' हा आकडा उच्चारला की शेतकऱ्याला दुसरे काही सांगावे लागत नाही. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून 2007 साली बाहेर पडलेले हे वाण. त्याआधीचे 86032 कोइमतूरच्या केंद्रातले. कोइमतूरचे केंद्र 1912 सालचे. तिथे जाड रसाळ उसाचा आणि रानटी गवती उसाचा संकर करून 1918 साली पहिले मोठे यश मिळाले. हे काम करणारी माणसे पगारी. एका नव्या वाणाला दहा-बारा वर्षे सहज लागतात. तेवढ्यात संशोधकाची दोनदा बदली होते आणि एकदा मुलीचे लग्न. वाण तयार झाले की शेतकरी शेजाऱ्याच्या शिवारातून बेणे आणतो. मूळ शोधणाऱ्याला त्यातली एक कांडीसुद्धा मिळत नाही.

मग मी तिला चीनमधल्या तू योयो बाईंची हकिकत सांगितली. व्हिएतनामच्या युद्धात सैनिक गोळीपेक्षा हिवतापानेच अधिक आजारी पडत होते. म्हणून 1967 साली चिनी सरकारने गुप्तपणे औषधाचा शोध सुरू केला. बाईंना सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्यक-ग्रंथात एक ओळ सापडली की, अमुक वनस्पती पाण्यात भिजवावी आणि पिळून रस घ्यावा. उकळावी असे तिथे म्हटलेले नव्हते. उष्णतेने गुण जातो की काय, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी कमी उष्णतेत अर्क काढला आणि 1972 साली तो आधी स्वतः घेऊन पाहिला. औषध लागू पडले. 1977 साली त्यावरचा लेख छापून आला, त्यावर कोणाही व्यक्तीचे नाव नव्हते. नोबेल मिळाले ते 2015 साली, बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या असताना. नफा नाही, नाव नाही, तरी शोध आहे.

नात खूश झाली. पण मला हिशेबाची खोड. एक बाजू लिहिली की दुसरी बाजू लिहिल्याशिवाय हात थांबत नाही.

"आता विरुद्ध बाजू ऐक," मी म्हटले. "ती ऐकल्याशिवाय व्यासपीठावर गेलीस तर पडशील."

बंधाऱ्याचेच बघा. शोध सगळ्यांचा, म्हणून राखण कोणाचीच नाही. बरगे चोरीला जातात, फळ्यांतून पाणी गळते आणि तक्रार कोणाकडे करायची यावर गावात दोन सभा होतात. स्वतःच्या मोटारपंपाचा बोल्ट सैल झाला तर रात्री कंदील घेऊन जाणारा माणूस बंधाऱ्याच्या फळीपुढे डोळे मिटून जातो.

आणि एकट्या माणसाच्या हट्टातून काय निर्माण होते तेही याच गावाने पाहिले आहे. बाबूराव पेंटरांनी 1918 साली दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. विलायती कॅमेऱ्याला पैसा नव्हता, युद्ध चालू होते, आणि चित्र तर काढायचेच होते. जोडीदार आनंदराव 1916 सालीच गेलेले. तानीबाई कागलकरांसारख्या गाणारणीने पैशाचा आधार दिला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. हे काही सरकारी योजनेतून झाले नाही. तीच गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांची. त्यांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडाने जमिनीत विष उतरते असा शेतकऱ्यांचा समज होता. सरकारी खात्यात असता तर असा नांगर एका शेऱ्यासरशी बंद झाला असता. लक्ष्मणरावांनी तो बंद केला नाही, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. मात्र निव्वळ नफ्यासाठी बसलेला माणूसही एवढे थांबला नसता, हेही खरे.

"पण मग पेटंट?" नातीने विचारले. "नफ्याची हमी नसेल तर शोध कोण लावील, असं ते म्हणणारच."

म्हणून तिला जेम्स वॅटची पुढची गोष्ट सांगितली. शाळेच्या पुस्तकात किटलीच्या वाफेपाशी थांबतात, पुढचे सांगत नाहीत. वॅटच्या वाफेच्या एंजिनाचे पेटंट 1769 सालचे. पार्लमेंटने ते वाढवून 1800 पर्यंत नेले. त्या काळात दुसऱ्याने सुधारणा केली की वॅट आणि त्यांचे भागीदार कोर्टात खेचीत. पेटंट संपल्यावर, 1811 पासून, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांनी एक मासिक पत्रक काढले. कोणाचे एंजिन किती कोळशात किती पाणी उपसते, कोणी काय बदल केला, हे त्यात उघड छापत. एकाचे पाहून दुसरा सुधारी आणि दुसऱ्याचे पाहून तिसरा. एंजिने भराभर सुधारत गेली. देश भांडवलशाहीचा, खाणवाले नफ्याचेच भुकेले, पण सुधारणा झाली ती एकमेकांचे पाहून. आमच्या उद्यमनगरात तरी दुसरे काय झाले? एका गल्लीत ऑइल एंजिन झाले की चौथ्या दिवशी पलीकडच्या गल्लीत त्याचा भाऊ जन्माला येई, आणि तो बरेचदा थोरल्यापेक्षा गुणी निघे.

शेवटी मी रशियाकडे वळलो. तिच्या बाजूचे सर्वांत मोठे दुखणे तिथेच होते. रशियाने 1957 साली आकाशात स्पुटनिक सोडला, 1961 साली गागारिनला पाठवले. शास्त्रज्ञांची वाण नव्हती. पोलाद ठोकळ्यात न ओतता सलग पट्टीसारखे ओतीत जाण्याच्या पद्धतीत 1950 नंतरच्या दशकात सोव्हिएत कारखाने जगात पुढे होते. पुढे जपानने ती पद्धत देशभर उचलली आणि जिथे ती आधी रुजली त्या रशियात मात्र बहुतेक पोलाद जुन्याच रीतीने ओतले जात राहिले. असे का व्हावे? तर कारखान्याच्या व्यवस्थापकाला वरून ठरवून दिलेला आकडा असे. नवे यंत्र बसवायचे तर काम काही दिवस थांबणार, आकडा चुकणार, बक्षीस बुडणार. आणि यंत्र चालून माल वाढला, तर वरचे म्हणणार, "वा! मग पुढच्या वर्षी एवढा आकडा घ्या." डोके चालवले की त्याचे फळ म्हणजे वाढलेले ओझे. म्हणून शहाणा व्यवस्थापक सुचलेले सांगत नसे.

"किती मूर्खपणा!" नात हसली.

मीही हसणार होतो, पण हसू घशात अडकले. कारण हाच मूर्खपणा मी स्वतःच्या हाताने केला होता. मॉस्कोत नव्हे, इथे, कोल्हापुरात.

1974 साली मी बी. कॉम. होऊन वडिलांच्या फौंड्रीत हिशेब लिहायला बसलो. लहानशी फौंड्री, एक भट्टी, पंधरा-वीस माणसे. ऑइल एंजिनाची हेडे ओतून आम्ही कारखानदारांना देत असू. हेडाच्या पोटात पाणी खेळायला वाकडीतिकडी पोकळी लागते. त्यासाठी वाळूत काकवी कालवून कोअर करतात, भाजतात, साच्यात ठेवतात आणि वरून लोखंडाचा रस ओततात. कोअरमधला धूर बाहेर पडायला वाट नसली तर तो लोखंडात शिरतो आणि नगाला भोके पडतात. सरळ कोअरला तारेने वाट पाडता येते, वाकड्याला येत नाही. आमचे शंभरातले वीसेक नग भंगारात जात.

आमच्याकडे एक मिस्त्री होते. शाळा चौथीपर्यंत. दिवाळी संपल्यावर एकदा ते मेणात बुडवलेल्या सुतळीची गुंडाळी घेऊन आले. कोअर भरताना त्यांनी ती सुतळी वळणावळणाने आत घातली. कोअर भाजला तेव्हा मेण वितळले, सुतळी जळाली आणि आत नेमकी हवी तशी नळी राहिली. विझलेल्या मेणबत्तीतली वात उपसल्यावर राहिलेले भोक बघून त्यांना हे सुचले होते. अशा मेणाच्या वाती परदेशांत या कामासाठी वापरतात हे मला पुढे कळले. मिस्त्रींना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी ते नव्याने शोधले होते.

महिन्याभरात भंगार वीसावरून पाच-सहावर आले. मजुरी चांगल्या नगावर होती. साहजिकच मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालच्या पाच जणांची मजुरी चढली. मी नवा हिशेबनीस. मजुरीचे खाते फुगलेले पाहून मला ती चूक वाटली. दर ठरवला तेव्हा शंभरात वीस नग वाया जाणार असे धरले होते, आता ते जात नाहीत, तर दर उतरायला हवा. मी तो उतरवला. वडिलांनी वही पाहिली, चष्मा काढला, काही बोलले नाहीत. माणसांच्या हाती पूर्वीइतकेच पैसे पडू लागले आणि वरचा सगळा नफा आमच्याकडे आला. त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला मी ती वही मोठ्या अभिमानाने चौरंगावर ठेवली होती.

पुढे तीन-चार महिन्यांनी मी मिस्त्रींना विचारले, "काय मिस्त्री, आणखी काही नवं सुचतंय की नाही?"

ते हात झाडत म्हणाले, "सुचतंय की, धाकलं मालक. पर डोस्कं चालवलं की दर उतरतोय. मग गप बसल्यालं काय वाईट?"

वर्षभराने त्यांनी काम सोडले. बायकोच्या पाटल्या मोडल्या, नात्यातल्या एका सावकाराकडून थोडे काढले आणि पलीकडच्या गल्लीत पत्र्याची शेड टाकली. तिथे पहिल्याच वर्षी त्यांनी तीन नव्या गोष्टी केल्या. तिन्ही त्यांना आमच्याकडे असतानाच सुचलेल्या होत्या. आमची फौंड्री 1986 साली बंद झाली. त्यांची अजून चालू आहे.

हे सगळे नातीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे भांडवलशाही जिंकली. रशियातल्या मिस्त्रीला पलीकडची गल्ली नव्हती."

मुद्दा बिनतोड होता. बाबूराव पेंटरांचे शिष्य शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हेही 1929 साली असेच बाहेर पडले, सराफी करणाऱ्या सीतारामपंत कुलकर्ण्यांनी भांडवल घातले आणि याच गावात 'प्रभात' जन्मली. पलीकडच्या गल्लीला या गावाच्या इतिहासात मोठा मान आहे.

खंडेनवमीच्या दुपारी मी नातीला घेऊन मिस्त्रींच्या कारखान्यात गेलो. पन्नास वर्षांत तिथे पाऊल टाकले नव्हते. रस्त्यात भेटलो तर नमस्कार होत असे, इतकेच. आता ते नव्वदीकडे झुकले आहेत. दारात खुर्ची टाकून बसले होते. मुलगा, नातू आत पूजेच्या गडबडीत. मला बघताच म्हणाले, "या धाकलं मालक!" माझे वय त्र्याहत्तर. पण त्या दारात मी धाकलाच.

पेढा हातात घेऊन मी म्हटले, "मिस्त्री, तो दर मी उतरवला होता. वडिलांनी नव्हे."

"ठावं हाय मला. अक्षर तुमचंच हुतं."

"चुकलं माझं."

ते थोडे हसले. "तुमी दर कापला नसता तर मी तितंच म्हातारा झालो असतो. माझं बरंच झालं की. पर माझ्याबरुबर आणि पाच जण हुते. त्यास्नी बी लई सुचायचं. एकाला भट्टीचं, एकाला वाळूचं. त्यांच्या बायकांकडं पाटल्या नव्हत्या. ती माणसं तितंच गप बसली आणि तितंच म्हातारी झाली. त्यांचं काय करायचं?"

नातीच्या हातातले पेन थांबले होते. मला उत्तर सुचले नाही.

मिस्त्रींच्या नातवाने मग कारखाना दाखवला. भिंतीवर एक फळा होता. ज्याला काही सुचेल त्याने तो बदल तिथे लिहायचा, जमला तर बचतीतला ठरलेला वाटा त्या माणसाच्या नावावर वर्षभर जमा होतो आणि तोपर्यंत त्याच्या मजुरीच्या दराला हात लावायचा नाही. "आज्यांनी घालून दिलेला नियम आहे," तो म्हणाला. फळ्यावर त्या दिवशी चार ओळी लिहिलेल्या होत्या, त्यांतली एक झाडूकाम करणाऱ्या बाईंची.

ही काय म्हणायची? समाजवाद की भांडवलशाही? वादविवाद स्पर्धेत नातीने हाच प्रश्न शेवटी परीक्षकांपुढे ठेवला. तिचे म्हणणे थोडक्यात असे : सुचण्याला कोणत्याही राजवटीची परवानगी लागत नाही. ते बंधाऱ्यावर सुचते, उसाच्या वाफ्यात सुचते, भट्टीपुढेही सुचते. राजवटीचा संबंध येतो तो सुचलेले बोलून दाखवावे की गिळून टाकावे, इथे. ज्याने सांगितले त्याच्यावरच ते उलटत असेल, तर वरची पाटी लाल असो की सोनेरी, माणूस गप्प बसतो. तिला दुसरे बक्षीस मिळाले. दिलेल्या बाजूला ती पुरती धरून राहिली नाही, असा शेरा परीक्षकांनी मारला. शेरा बरोबर आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा चकल्यांचा पहिला घाणा उतरलेला असेल आणि लक्ष्मीपूजन तोंडावर आलेले असेल. परवा मी माळ्यावरून 1974 सालची ती वही खाली काढली. सौभाग्यवती म्हणाल्या, "बंद पडलेल्या कारखान्याची वही कशाला पूजेला?" मी धूळ पुसून ती उघडली. दर कुठे उतरवला ते पान सापडले, अक्षर खरोखरच माझे. किती नग, किती फरक, सहा माणसांचे किती पैसे आमच्याकडे राहिले, एवढे मी तासाभरात काढले. मिस्त्रींचा आणि त्या पाचांपैकी हयात असलेल्या दोघांचा हिशेब पाडव्याच्या आत त्यांच्या घरी जाऊन मिटवायचा असे ठरवले आहे. जे गेले त्यांची मुले याच गावात आहेत, त्यांच्याही दारी जाईन.

पण त्या पाचांना जे सुचले आणि त्यांनी कोणाला सांगितले नाही, ते कोणत्या खात्यावर लिहायचे? पन्नास वर्षे वह्या लिहितो आहे, तसे खाते मला माहीत नाही.